वाटीभर स्ट्रॉबेरी

माया तायडे सरपंचपदाला उभी राहणार, हे कानावर येताच नत्थुजी तिच्या दारात आले. त्यांचंच वावर ती ठोक्यानं, वर्षाचे ठरलेले पैसे देऊन, कसायची.

"निवडणुकीचा नाद सोड. नाहीतर उद्यापासून माह्या वावरात पाय ठेवू नको."

"वावर ठेवून घ्या काकाजी. मी उभी राहीनच."

वावर गेलं. मायानं परतवाड्याच्या भंगारवाल्याकडून निळे प्लास्टिकचे ड्रम आणले. चहूबाजूंनी भोकं पाडली, आत माती-शेणखत भरलं. भोकाभोकात स्ट्रॉबेरीची रोपं खोचली, वर पुदिना आणि सांभार म्हणजे कोथिंबीर लावली.

"वावर गेलं त आता डब्यात पेरून राहिली!" नत्थुजी पारावर बसून हसले. त्यांच्यासोबत सगळा पार हसला.

थंडी पडली आणि अंगणातले ड्रम लाल फळांनी लगडले. निवडणूकही लागली. प्रचाराच्या पहिल्याच सकाळी माया नत्थुजींच्या घरी गेली. तिचा सासरा ज्या ओसरीवर पाय न ठेवता जन्मभर खालीच उभा राहिला, त्या ओसरीवर ती चढली आणि स्ट्रॉबेरीनं भरलेली वाटी तिनं पुढे केली.

नत्थुजींनी वाटीकडे पाहिलं. "माफी मांगाले आली का?"

"नाही काकाजी. मत मांगाले आली."