लग्नाची सीडी

लेकीच्या सासरी धाडायला सिंधूबाईनं तिच्या लग्नाच्या सीडीची कॉपी काढून आणली, तर शूटिंगवाल्या परमेश्वरनं गोरेगावच्या भर बाजारात ती हिसकावली आणि कटकन मोडली. "सीडी तुमची असंल मावशी, आतलं सगळं माझं हाय. नवा कायदा येऊन राहिलाय, जेलात जाल."

सिंधूबाईनं ते गिळलं, पचवलं मात्र नाही.

पुढं परमेश्वरचे वडील वारले. वर्षानुवर्षं ते पोराच्या कॅमेऱ्यामागं लाइट धरून उभे. चित्रात आले ते एकदाच, याच लग्नात, पंगतीला जेवताना. मूळ कॅसेटवर त्यानं कधीच दुसरं लग्न चढवलं होतं. तो सिंधूबाईच्या दारी आला.

"मावशी, बाबा फक्त तुमच्या सीडीत हायेत हो."

सिंधूबाईनं आतून आपली सीडी आणली, पदरानं पुसली आणि छातीशी धरली.

"आतलं सगळं तुझंच हाय की रे, खुशाल घेऊन जा. सीडी तेवढी माझी हाय."