रुपरावांचं कपाट

रुपरावांना त्या कागदावर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढंच लिहायचं होतं, आणि तीन दिवस ते जमत नव्हतं.

कागद मुंबईच्या मुख्य कचेरीतून आला होता. नागपूरच्या कॉम्प्युटर विभागातली कपाटाची पद्धत बंद करून प्रोग्रॅममधल्या बदलांची नोंद यापुढे मशीनवरच ठेवावी काय? कपाट सांभाळणाऱ्याचा अभिप्राय आणि सही हवी.

कपाट सांभाळणारे म्हणजे रुपराव. प्रत्येक प्रोग्रॅमची एकच खरी फ्लॉपी, ती त्यांच्या कपाटात. ज्याला बदल करायचा असेल त्यानं रजिस्टरमध्ये सही करून ती न्यायची. ती परत येईपर्यंत त्या प्रोग्रॅमला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. सन ८१ पासून, म्हणजे सहा वर्षं, किल्ली त्यांच्याच खिशात होती.

सुरुवातीला एकाच फ्लॉपीवरून दोघांची जुंपायची आणि निवाडा रुपराव करायचे. गेली अडीच वर्षं मात्र तंटाच नव्हता. पोरं सकाळी सही करून फ्लॉपी न्यायची आणि चहाच्या आत परत आणून द्यायची. शेवटी शिस्त लागली बघ, असं ते घरी बायकोला, सुभद्राबाईंना सांगत.

‘होय’ लिहिलं की कपाट जाणार आणि आपली रवानगी स्टेशनरीच्या गोदामात होणार, हे त्यांना ठाऊक होतं. पंचावन्नाव्या वर्षी बिनकामाचं होणं त्यांना मरणाहून वाईट वाटत होतं.

गंमत म्हणजे साहेबांनी, मनोहररावांनी, स्वतःच ‘नाही’ लिहून टाका म्हणून सुचवलं. प्रोग्रॅम लिहिणारी प्रेमिला तर टेबलाशी येऊन बसली.

“काका, नाही लिहा ना. आम्हाले काही तरास नाही तुमच्या कपाटाचा.”

“काम अडून राहिलं ना वं तुमचं त्याच्यानं?”

“अजिबात नाही,” ती म्हणाली आणि कूलरकडे पाहू लागली.

रुपरावांना ते फार लागलं. आपल्यासाठी ही पोरं स्वतःचं काम खोळंबून घेताहेत. असं दयेवर बसून राहण्यापेक्षा गोदाम परवडलं.

दुपारी डबा न उघडताच त्यांनी ‘होय’ लिहिलं आणि सही केली. कागद साहेबांपुढे ठेवला.

मग रुपराव प्रेमिलाच्या मशीनपाशी गेले. जायचंच आहे तर आपल्या जागेवर काय येतंय ते निदान पाहून तरी घ्यावं, असं त्यांना वाटलं.

“हे नवीन कसं चालते, मले दाखव.”

“उद्या पाहू ना, काका.”

“आत्ताच दाखव.”

प्रेमिलानं केबिनकडे पाहिलं. काचेआड साहेबांनी मान खाली घातली. तिनं सावकाश कळा दाबल्या.

पडद्यावर पगाराच्या प्रोग्रॅमची यादी उमटली. कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली, सगळं नावानिशी. सर्वांत वर कालचा बदल होता. रुपराव चष्मा सावरून एकेक नोंद वाचत खाली खाली गेले. खूप वेळ गेला. यादीतली तळाची, सर्वांत जुनी नोंद अडीच वर्षांपूर्वीची होती.