व्हॅक्यूमची नळी

"इंजिन संपलंय, ताई. भंगारात घालण्यापेक्षा मला दे," मामा आईला म्हणाले. बाबा गेल्यापासून त्यांची जुनी गाडी मामाच बघायचे, आणि हल्ली ती चढावर धापा टाकायची.

विभावरीने बॉनेट उघडलं. कार्बोरेटरपासून डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी बारीक रबरी नळी तिने सोडवली आणि बाबा करायचे तशी तोंडात धरून हवा ओढून पाहिली. हवा येईना. ही नळी तुंबली की इंजिन चांगलं असूनही गाडी चढावर दमते. तिने जोर लावला, तसा चघळलेल्या गुटख्याचा चोथा तिच्या जिभेवर आला.

ती थुंकत राहिली. घरात गुटखा खाणारे एकटे मामाच होते.

"मामा, गाडी हवी होती तर सरळ मागायची ना! शी!"

"अगं, चुकून गेलं असेल," मामा हसले.

आईने भावाच्या हातातला कप काढून घेतला आणि उरलेला चहा मोरीत ओतला.

"निघ," ती म्हणाली.