दाराची कडी

थोरल्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, त्याच वर्षी आईनं सुताराला बोलावून धाकट्याच्या दाराची कडी काढून घेतली. गळा चांगला, शिकवणी पक्की, पण त्याच्या कानात कुणीतरी सारखं म्हणायचं, तू बेसूर आहेस, संपव एकदाचं. एकदा त्यानं ते ऐकलंही होतं. थोडक्यात वाचला.

तेव्हापासून सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. त्याच्या गोळ्या थोरल्या बहिणीच्या ताब्यात. पेटीची साथही तीच करायची. दोघं एकाच गुरुजींकडे शिकलेली. भाऊ आजारी पडला तसं तिचं गाणं मागे पडलं.

गोळ्यांनी धाकट्याचा आवाज जड व्हायचा. बोलावणी बंद झाली. मग कधी नव्हे ते एका छोट्या सभागृहातून विचारणा आली.

"गाऊ द्या," डॉक्टर म्हणाले. "पण त्या रात्री एकटं सोडू नका." मग थोरलीकडे वळून, "तुम्ही कशा आहात?"

"मला काय धाड भरलीय?" ती हसली. डॉक्टरही हसले.

त्यानंतर तिची चिडचिड थांबली. सकाळची गोळी कुठली, रात्रीची कुठली, हे तिनं आईकडून घोकून घेतलं. एका पेटीवाल्याला घरी बोलावून धाकट्याच्या गाण्यातल्या सगळ्या जागा दाखवल्या.

"आणि तू गं, ताई?"

"मी समोर बसून ऐकणार. इतकी वर्षं तुझा डावा कानच बघतेय."

आपला तानपुराही तिनं त्याला दिला. "घे. कोपऱ्यात धूळ खातोय."

"गुपचूप लग्नबिग्न ठरवलंस की काय?" आईनं चिडवलं.

"तसंच समज."

पोरगी हसायला लागली, आईला बरं वाटलं.

रविवारी धाकटा गायला. वरचा षड्ज जरा हलला, पण सावरला. आईची नजर त्याच्यावरून हटली नाही. शेजारी थोरली डोळे मिटून ऐकत होती.

घरी आल्यावर आईनं रोजच्यासारखं धाकट्याच्या उंबऱ्याशी अंथरूण घातलं.

"मी झोपते गं," थोरली म्हणाली. "दमलेय."

"झोप. मी आहे जागी."

धाकटा रात्रभर शांत झोपला. आईनं मनातल्या मनात हात जोडले.

सकाळी तिनं पुन्हा त्याच सुताराला बोलावलं. थोरलीच्या दाराला आतून कडी होती.

दार उघडलं तेव्हा कळलं, थोरली पहाटेच गेली होती.