शून्य सावली

उमेळ्यातल्या प्रिस्का टीचरनी तीस वर्षं भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर अंगणातल्या उन्हात राजेळी केळी वाळवून सुकेळी करायला घेतली. दक्षिणेच्या कुंपणाला लागून इमारत बांधणारा बिल्डर रॉकी त्यांचाच लाडका विद्यार्थी. आणखी चार मजले चढवायला त्याला शेजारी म्हणून त्यांची सही हवी होती.

"अरे, पण माझ्या केळ्यांवर सावली आली तर?"

मे महिन्यातल्या भर दुपारी रॉकी त्यांना हाताला धरून कुंपणापाशी घेऊन गेला. सूर्य बरोबर डोक्यावर होता आणि एवढ्या मोठ्या इमारतीची सावली कुठे दिसतच नव्हती. "शून्य सावलीचा दिवस, टीचर! तुमचा धडा अजून पाठ आहे मला."

टीचरचे डोळे भरून आले. त्यांनी उभ्या उभ्या सही केली.

डिसेंबरात सावली कुंपण ओलांडून अख्ख्या अंगणावर पसरली ती दिवसभर हलेना. बुरशी धरलेल्या केळ्यांचं ताट घेऊनच टीचर रॉकीच्या ऑफिसात गेल्या. तो अदबीने उठून उभा राहिला.

"पृथ्वी कललेली असते हेही तुम्हीच शिकवलंत ना, टीचर? म्हणून तर सही घ्यायला मी मे महिन्यात आलो."