समोरचं शोरूम

अमेरिकन कंपनीच्या गाड्या खपेनात, तिनं गाशा गुंडाळला आणि बारामतीतलं शोरूम बंद पडलं; तिथं गाड्या विकणाऱ्या अय्युबची नोकरी गेली. समोरच्या जपानी शोरूममध्ये मात्र गाडीसाठी नंबर लागत होते. लेकराच्या दुधाचीही ओढाताण व्हायला लागली, तेव्हा अय्युबनं तिथंच नोकरी मागितली.

"ते गिऱ्हाईक बघा. त्यांना गाडी पटवून द्या आणि उद्यापासून या," मॅनेजर म्हणाला.

लेकराला मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसलेल्या अय्युबच्या बायकोनं, समिनानं, मान वर केली. गिऱ्हाईक म्हणजे कन्हेरीचे दादासो! त्यांची अमेरिकन गाडी अय्युबनंच विकलेली. आता लेकीसाठी दुसरी घ्यायला आले होते. ओळखीचा माणूस बघून समिनाचा जीव भांड्यात पडला.

अय्युब जीव तोडून बोलला. मॅनेजरही शेजारी उभा राहून ऐकत होता. सगळं ऐकून दादासोंनी अय्युबच्या खांद्यावर मायेनं हात ठेवला.



"अय्युबभाई, पोटासाठी बोलावं लागतं, कळतंय मला. पण मला गाडी देताना तुमीच म्हणला हुता, जपानी गाडीचा पत्रा नुसत्या कोपरानं दबतो. तुमच्या शब्दाबाहेर मी न्हाय. चला, येतो."