दोन पुरचुंड्या

अनितानं पिशवीत हात घातला, एक पिवळी पडलेली पुरचुंडी काढली आणि ज्या कागदावर सही करायची होती, नेमकी त्याच कागदावर ठेवली.

“हे काय, अनिताताई?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“नाळ. दिपिकाची. गळून पडली तेवा हळदीत घालून ठेवलेली.”

टोकावड्याच्या पलीकडे त्यांच्या पाड्यावर घरोघरी अशी पुरचुंडी असते. मूल फारच आजारी पडलं तर वाळकी नाळ उगाळून चाटवायची, म्हणून जपायची. पण अनितानं ती आज मुरबाडच्या दवाखान्यात आणली त्याला कारण आजीबाईचा बटवा नव्हता, दहावीचं विज्ञानाचं पुस्तक होतं. तिच्या थोरल्या मुलानं, प्रज्वलनं, परवा मोठ्यानं वाचलं होतं: नाळेतल्या रक्तात मूलपेशी असतात आणि मूलपेशींपासून शरीरातल्या निरनिराळ्या पेशी तयार होऊ शकतात. तांदूळ निवडता निवडता अनिता थांबली. तिनं ते वाक्य त्याला तीनदा वाचायला लावलं, आणि तिचा जीव भांड्यात पडला. नाळ घरातच होती. मग पोराला हात लावायचं कारणच काय?

दिपिकाचं शरीर धड रक्त बनवत नव्हतं. सहा वर्षांची पोर दर तीन आठवड्यांनी परक्याचं रक्त घेऊन जगत होती. भावाच्या हाडातला मगज तिला दिला तर ती बरी होण्याची आशा होती. तपासणीत दोघांचं अगदी जुळलं होतं. आज कागद मुंबईला गेला तर पुढच्या महिन्याची तारीख मिळणार होती. तिच्या नवऱ्यानं, देवरामनं, आपली सही केली आणि आईला समजवायचं काम बायकोच्या गळ्यात घालून तो वाशिंदला ड्युटीवर निघून गेला. सासूबाई कसल्या समजतात. “पोरीपायी पोराला भोसकाल तर माझा मेलेला तोंड बघाल,” काशीबाई म्हणाल्या होत्या. “मगज काढला का पोरगा जन्माचा पांगला होल.”

अनितालाही तीच भीती होती. दोघांपैकी कोण, असा विचार मनात आला की ती स्वतःलाच शिव्या घालायची. तरी तो यायचा.

डॉक्टरीणबाईंनी पुरचुंडी सोडली. हसल्या नाहीत.

“ताई, ह्यातल्या पेशी कधीच मेल्या. नाळेतलं रक्त बाळ जन्मतं तेव्हाच घेऊन गोठवून ठेवावं लागतं. आणि दिपिकाची स्वतःची नाळ तशीही चालली नसती. दोष हिच्याच पेशींत आहे.”

अनितानं पिशवीतून दुसरी पुरचुंडी काढली. ही खणाच्या तुकड्यातली होती, लाल रेशमाच्या दोऱ्यानं बांधलेली. नातू झाला म्हणून काशीबाईंनी हौसेनं बांधली होती. दिपिकाची अनितानं स्वतःच जुन्या पातळाच्या चिंधीत गुंडाळली होती.

“ही प्रज्वलची.”

बाईंनी तीही सोडली. “हीसुद्धा वाळलेलीच. आपल्याला जिवंत लागतात, ताई.”

जिवंत म्हणजे शेजारच्या खुर्चीवर बसलेला तो. झोपलेल्या बहिणीला मांडीवर घेऊन तो खाली फरशीकडे बघत होता.

“ह्याला काय झाला तर?”

“भूल देऊन कंबरेच्या हाडातून काढतात. थोडे दिवस दुखेल. जेवढा काढू तेवढा शरीर काही आठवड्यांत पुन्हा बनवतं. पांगळा नाही होत. धोका अजिबातच नाही असं मी म्हणणार नाही, पण फार कमी. खरा धोका हिला आहे.”

“आन् ह्याच्या पेशी हिच्यात जाऊन भलताच काय झाल्या तर? पुस्तकात लिवलाय, निरनिराळा काय काय होतात.”

“मगजातल्या ह्या पेशी रक्तच बनवतात. हाडात जाऊन रुजल्या, की जे लागेल ते. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी.”

“आन् नाय रुजल्या तर?”

“तसंही होतं कधीकधी,” बाई म्हणाल्या.

अनिता प्रज्वलकडे वळली. इतके दिवस घरात एवढं बोलणं झालं, पण ज्याच्या हाडाला सुई लागणार त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

“तुला काय वाटतं रे?”

“भीती वाटते,” प्रज्वल म्हणाला. दिपिकाचा सुया टोचून काळानिळा झालेला हात त्याच्या कोपराखाली दबत होता. त्यानं तिला अलगद वर सरकवून घेतलं.

अनिता नाळा आवरायला वाकली आणि थबकली. पंख्याच्या वाऱ्यानं चिंधी आणि खण बाजूला सरकले होते. कागदावर वाळक्या मिरचीच्या देठाएवढे दोन तुकडे एकमेकांना लागून पडले होते. दोन्ही काळपट, दोन्ही हळदीनं माखलेले. तिनं एक उचलला, उजेडात धरला, खाली ठेवला. दुसरा उचलला.

“कुठली कुणाची गो आई?” प्रज्वलनं विचारलं.

“नाय वलखू येत.”

तिनं दोन्ही एकाच चिंधीत घातल्या, गाठ मारली आणि कागद पुढे ओढला.

“सही कुठं करू, बाई?”